ग्रामीण विदर्भातील आमदाराची राजकीय कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधानसभेची निवडणूक जवळ आली की पुढचा आमदार कोण, याची चर्चा चौकाचौकांत रंगते. निवडून आलेला माणूस पाच वर्षे नेमके काय करतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. खालील प्रश्न गावोगावचे मतदार पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांत काही राजकीय व्यक्तींची नावे आली आहेत, ती केवळ उदाहरणादाखल आहेत. आमदाराची कारकीर्द भूमिपूजनाच्या फलकांवरून न मोजता विधिमंडळाच्या कागदपत्रांवरून मोजावी, हे आमचे मत मात्र आम्ही लपवलेले नाही.

विदर्भातून विधानसभेत किती आमदार जातात?

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी ६२ जागा विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत आहेत. नागपूर जिल्ह्यात १२, अमरावतीत ८, यवतमाळ आणि बुलढाण्यात प्रत्येकी ७, चंद्रपुरात ६, अकोल्यात ५, वर्धा आणि गोंदियात प्रत्येकी ४, तर भंडारा, गडचिरोली आणि वाशीममध्ये प्रत्येकी ३ अशी त्यांची वाटणी आहे. २००९ च्या निवडणुकीपूर्वी हा आकडा ६६ होता. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाच्या चार जागा गेल्या. जागा लोकसंख्येच्या हिशेबाने ठरतात, अंतराच्या हिशेबाने नाही. त्यामुळे नागपूर शहरातील आमदार आपला मतदारसंघ दुचाकीवरून एका दिवसात फिरू शकतो, आणि अहेरीच्या आमदाराला सिरोंचा, भामरागड, एटापल्ली असे जंगलातले तालुके एकट्याने सांभाळावे लागतात. सभागृहात मत दोघांचेही एकच. गडचिरोली जिल्ह्यातील तिन्ही जागा, तसेच आमगाव, राळेगाव, आर्णी आणि मेळघाट हे मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

विधान परिषदेचे सदस्यही आमदारच ना?

होय. विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. त्यांपैकी ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७ येतात आणि १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. या सभागृहाला ‘मागच्या दाराची आमदारकी’ म्हणून हिणवण्याची पद्धत आहे, परंतु विदर्भाच्या बाबतीत तो शेरा नेहमीच न्याय्य ठरत नाही. अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षे निवडून आलेले बी. टी. देशमुख यांनी सिंचनाच्या अनुशेषाचा (राज्याच्या तुलनेत मागे राहिलेल्या कामांचा) प्रश्न ज्या चिकाटीने आणि ज्या आकडेवारीनिशी लावून धरला, तशी चिकाटी विधानसभेतही फार थोड्या सदस्यांनी दाखवली. अमरावती जिल्ह्यातील दारापूरचे रा. सू. गवई तर या परिषदेचे सभापती झाले.

उमेदवार त्याच मतदारसंघातील रहिवासी असावा लागतो का?

लागत नाही. वय २५ पूर्ण असावे (विधान परिषदेसाठी ३०) आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असावे, एवढे पुरते. ‘बाहेरचे पार्सल’ हा प्रचारातला आरोप आहे, कायद्यातला आक्षेप नव्हे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अनामत रक्कम १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी आहे; एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते.

आमदारकीची वाट साधारणपणे कुठून सुरू होते?

पश्चिम महाराष्ट्रात ती साखर कारखान्याच्या संचालक मंडळातून जाते. विदर्भात कारखानदारीचा तेवढा विस्तार नसल्याने ती सेवा सहकारी सोसायटी, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, जिल्हा मध्यवर्ती बँक, जिनिंग-प्रेसिंग आणि अलीकडच्या काळात शिक्षणसंस्था यांतून जाते. या सगळ्यांच्या जोडीला सरपंचपद, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे ‘सर्कल’ (सदस्य निवडून देणारा गट) असतेच. एका सर्कलमध्ये वीस-पंचवीस गावे येतात. प्रत्येक गावातील दोन गटांपैकी कोणता गट आपल्याकडे ठेवायचा आणि दुसऱ्याला न दुखवता कसे वागायचे, याचे शिक्षण तिथे मिळते आणि ते पुढे आयुष्यभर कामी येते.

या शिडीचे सर्वांत ठळक उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे आहे. वसंतराव नाईक प्रथम पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेले आणि तेथे उपमंत्री झाले. पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात व नंतर महाराष्ट्रात मंत्री आणि ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री राहिले. महसूलमंत्री असताना त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. म्हणजे आज ज्या पायऱ्यांवरून कार्यकर्ते आमदारकीकडे चढतात, त्या घडवण्यात पुसदच्याच एका आमदाराचा हात होता. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हे गहुलीच्या सरपंचपदापासून जिल्हा परिषदेमार्गे मुख्यमंत्रिपदापर्यंत (१९९१ ते १९९३) गेले.

दुसरी वाट आंदोलनाची. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९६२ मध्ये विधानसभेत गेले; १९६४ मध्ये अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याबद्दल सभागृहाने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले, आणि मतदारांनी त्यांना पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून पाठवले. पुढे १९७१ मध्ये ते नागपूरचे खासदारही झाले. अलीकडच्या काळात बच्चू कडू यांनी अचलपुरातून २००४, २००९ आणि २०१४ मध्ये अपक्ष म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतःच्या प्रहार पक्षातर्फे विजय मिळवला, २०२४ मध्ये मात्र ते पराभूत झाले. आंदोलनातून आलेल्या आमदारापाशी संस्थांचे जाळे नसते, त्यामुळे त्याला प्रत्येक निवडणूक जवळजवळ नव्याने लढावी लागते.

जिल्हा परिषदेच्या निवडणुका लांबल्याने काय फरक पडला?

बराच. २०२२ च्या मार्चपासून अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली अशा अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि पुढील कित्येक वर्षे तेथे निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. नाली, अंगणवाडीची खोली, शाळेचे गळके छत यांसाठी ज्याच्याकडे जायचे तो माणूसच उरला नाही, म्हणून ही सगळी गाऱ्हाणी आमदाराच्या दारात आली. आमदाराचे वजन त्यामुळे वाढले हे खरे, पण त्याचा सभागृहाच्या तयारीचा वेळ गेला आणि नव्या कार्यकर्त्यांची एक अख्खी पिढी पहिल्या पायरीवरच अडकली.

घराण्यातूनच आमदार होतात, हे कितपत खरे आहे?

पूर्ण खरे नाही आणि खोटेही नाही. पुसदमधून वसंतराव, सुधाकरराव, मनोहर आणि इंद्रनील असे नाईक कुटुंबातील चार जण विधानसभेत गेले. खामगावचे भाऊसाहेब फुंडकर आणि त्यांचे पुत्र आकाश यांचेही उदाहरण सर्वांना माहीत आहे. वारसाला नाव आणि कार्यकर्त्यांची फळी आयती मिळते. पहिली निवडणूक त्याने सोपी जाते; दुसरीपासून मात्र लोक वडिलांचे नाव घेऊन मुलाचा हिशेब मागू लागतात.

महिलांचे प्रमाण इतके कमी का?

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांमध्ये महिलांना पन्नास टक्के आरक्षण आहे, विधानसभेत मात्र अद्याप ते लागू झालेले नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखीव केल्या, पण त्यांची अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना यांना जोडलेली आहे. तिवसा मतदारसंघातून सलग तीनदा निवडून आलेल्या आणि मंत्री झालेल्या यशोमती ठाकूर यांच्यासारखी उदाहरणे विदर्भात आहेत, पण थोडी. पंचायत समितीची सभापती म्हणून उत्तम काम केलेल्या बाईंचे नाव विधानसभेच्या वेळी यादीत का नसते, हा प्रश्न पक्षांना विचारायचा आहे. मतदारांनी त्यांना नाकारलेले नाही, कारण ती संधीच मतदारांपुढे येत नाही.

‘एबी फॉर्म’ म्हणजे काय?

अमुक उमेदवार आमचा अधिकृत उमेदवार आहे, असे पक्षाने निवडणूक अधिकाऱ्याला कळवण्याचे दोन नमुने म्हणजे ए आणि बी. अर्ज दाखल करण्याच्या शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत ते पोहोचले नाहीत तर पक्षाचे चिन्ह मिळत नाही. एका पक्षाचे दोन इच्छुक तहसील कार्यालयाबाहेर आपापल्या कार्यकर्त्यांसह उभे आहेत आणि दोघांचेही लक्ष मुंबईहून किंवा नागपूरहून येणाऱ्या गाडीकडे लागले आहे, हे दृश्य प्रत्येक निवडणुकीत कुठे ना कुठे दिसतेच. ज्याला फॉर्म मिळत नाही तो अपक्ष अर्ज ठेवतो. माघारीच्या दिवसापर्यंत त्याची मनधरणी चालते, आणि तो बसला नाही तर त्याची मते निकाल फिरवू शकतात. साकोलीत २०२४ मध्ये नाना पटोले अवघ्या २०८ मतांनी विजयी झाले, यावरून थोड्या मतांचे मोल कळावे.

निवडणुकीत किती खर्च करता येतो?

महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो योग्य कारणाशिवाय न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. पक्षाचा सर्वसाधारण प्रचारखर्च या मर्यादेत धरला जात नाही. कागदावरचा खर्च आणि गावात दिसणारा खर्च यांतील अंतर वाचकांनी स्वतः पाहिलेले असते, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

निवडून आल्यावर लगेच आमदाराचे अधिकार सुरू होतात का?

शपथ घेतल्याशिवाय सभागृहात बसता किंवा मत देता येत नाही. तसे केल्यास घटनेनुसार दिवसाला ५०० रुपये दंड आहे. नव्या सभागृहाचे कामकाज हंगामी अध्यक्षांपुढील शपथविधीने सुरू होते. परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा सभागृह रिक्त जाहीर करू शकते. अर्थात यात चार दिवसांहून अधिक काळ तहकूब असलेले दिवस मोजत नाहीत.

सभागृहात आमदार नेमके काय करतो?

हे या सगळ्या प्रश्नांमधले सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे, म्हणून ते थोडे सविस्तर देत आहोत. कायदे करणे, अर्थसंकल्पातील मागण्यांवर मत देणे आणि सरकारला जाब विचारणे ही त्याची तीन कामे. मतदाराला त्यांतील तिसरे सर्वांत जवळून अनुभवता येते.

एक उदाहरण घेऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात. समजा, एका गावच्या मामा तलावाची पाळ फुटली, धानाचे बांध वाहून गेले आणि दुरुस्तीचा प्रस्ताव जिल्हा कार्यालयात पडून राहिला. आमदार यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, देऊ शकतो. त्या प्रश्नाची भाषा ठरलेली असते : ‘(१) अमुक गावच्या तलावाची पाळ फुटून शेतपिकाचे नुकसान झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, दुरुस्तीचा प्रस्ताव शासनास केव्हा प्राप्त झाला, (३) त्यावर कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरही ठरलेल्या भाषेत येते : ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ आणि शेवटी बहुधा ‘प्रश्न उद्भवत नाही’. छापील उत्तरावर समाधान मानणारा आमदार तेथेच थांबतो. तयारीचा आमदार उभा राहून उपप्रश्न विचारतो : प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर गेला? अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता का नाही? पुढच्या पावसाळ्याआधी काम होणार की नाही? त्यावर मंत्र्याने सभागृहात ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ असे म्हटले, की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. एका गावातल्या फुटक्या पाळीसाठी मंत्रालयातील सचिवाला लेखी खुलासा द्यावा लागतो, ही ताकद आमदाराच्या कोणत्याही शिफारसपत्रात नाही.

तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना असते. प्रश्नाच्या उत्तराने समाधान न झाल्यास अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्री नसलेल्या सदस्याला अशासकीय विधेयके व ठराव मांडता येतात. अर्थसंकल्पाच्या वेळी खात्याच्या मागणीतील रक्कम कमी करण्याच्या, म्हणजे कपात सूचना देता येतात. यांखेरीज लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती यांचे काम वर्षभर चालते. समितीचा दौरा जिल्ह्यात लागला की एरवी न सापडणारे कागद दोन दिवसांत सापडतात, हे जिल्हा परिषदेत काम केलेला कोणताही कर्मचारी सांगेल.

ज्याने जास्त प्रश्न विचारले तो चांगला आमदार, असे म्हणता येईल का?

सावधपणे. एकाच तारांकित प्रश्नावर अनेकदा पाच-दहा सदस्यांची नावे असतात. त्यांतील कित्येकांनी सहीपलीकडे काही केलेले नसते. म्हणून नुसता आकडा फसवा ठरतो. मूळ विषय कोणाचा होता, उपप्रश्न कोणी विचारले आणि मिळालेल्या आश्वासनाचा पाठपुरावा पुढच्या अधिवेशनात केला का, या तीन गोष्टी कार्यवृत्तात पाहाव्यात. आपल्या भागाचे विषयही पाहावेत. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण (खाऱ्या भूजलाच्या) पट्ट्यातील आमदाराने गोड्या पाण्यावर, जमिनीच्या कागदांतील ‘झुडपी जंगल’ या नोंदींमुळे घरकुल अडलेल्या गावांच्या आमदाराने त्या नोंदींवर आणि कपाशीच्या पट्ट्यातील आमदाराने खरेदी केंद्रांवर पाच वर्षांत एकदाही तोंड उघडले नसेल, तर त्याचे बाकीचे चारशे प्रश्न काय कामाचे?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा ग्रामीण आमदाराला काय उपयोग?

विदर्भाने मराठी राज्यात सामील होण्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानुसार वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरवायचे ठरले आणि राज्य स्थापन झाल्यापासून, काही वर्षांचा अपवाद वगळता, ते भरत आले आहे. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली; २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतले, तेव्हा मुसळधार पावसाचे पाणी विधानभवनाच्या वीजकक्षात शिरून कामकाज थांबवावे लागले होते.

भामरागड किंवा धारणीच्या माणसाला मुंबईपेक्षा नागपूर परवडते, हा पहिला उपयोग. आमदार निवासाच्या खोलीत मतदारसंघातले पंधरा-वीस लोक सतरंजीवर झोपलेले असतात. सकाळी आमदार एकेकाला घेऊन संबंधित मंत्र्यांच्या दालनात जातो आणि वर्षभर न हललेली फाइल कधी कधी तिथे हलते. दुसरा उपयोग मोर्चांचा. यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे अडवले जातात आणि मंत्र्याने निवेदन घ्यायला यावे, यासाठी स्थानिक आमदार मध्यस्थी करतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आरक्षणाच्या मागणीसाठी आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी वेळेवर कोणी जबाबदार माणूस मोर्चाला सामोरा का गेला नाही, हा प्रश्न विदर्भ अजून विसरलेला नाही.

अधिवेशन फार लहान असते, ही तक्रार रास्त आहे. विदर्भाच्या प्रश्नांवरील चर्चा बहुधा अखेरच्या आठवड्यात येते आणि उत्तर शेवटच्या दिवशी, जेव्हा निम्म्या सदस्यांच्या बॅगा भरून झालेल्या असतात.

आमदार निधी किती असतो आणि तो आमदाराच्या हातात असतो का?

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची रक्कम २०२० पासून टप्प्याटप्प्याने वाढत वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंत गेली आहे. ही रक्कम आमदाराच्या खात्यात येत नाही. तो काम सुचवतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम शासकीय यंत्रणा करते.

गावातील फलकांवर मात्र वेगळाच आकडा दिसेल. ‘पंचवीस-पंधरा’मधून सिमेंट रस्ता, ‘तीस-चोपन्न’मधून डांबरीकरण, असे कार्यकर्ते बोलतात, ती अर्थसंकल्पातील लेखाशीर्षे आहेत. २५१५ हे ग्रामविकास विभागाचे शीर्ष असून लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत सुविधांची कामे त्यातून होतात. ३०५४ हे रस्ते व पुलांचे. या निधीला आमदार निधीसारखी प्रत्येकाला समान अशी हमी नसते, त्यामुळे सत्ताधारी बाजूच्या आमदाराला जास्त आणि विरोधी बाजूच्याला कमी, अशी तक्रार प्रत्येक सरकारच्या काळात होते आणि बाजू बदलली की तक्रार करणारेही बदलतात. आमदार पक्ष बदलताना ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ असे जे कारण देतात, त्याचे मूळ पुष्कळदा या शीर्षांत असते.

फलक पाहताना आणखी एक भान ठेवावे. भूमिपूजन झाले म्हणजे काम झाले असे नव्हे. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले, तेव्हाचा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला, खर्च अनेक पटींनी वाढला आणि दरम्यान किती आमदार येऊन गेले, तरी कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाण्याचीच वाट पाहत राहिला.

डीपी (विजेचे रोहित्र) जळाली, पांदण रस्ता अडला, तर आमदाराला फोन करावा का?

‘भाऊ, डीपी जळाली, ओलीत थांबलं’ असा फोन हरभऱ्याच्या हंगामात रोज रात्री येतो, आणि भाऊंनाही तो घ्यावाच लागतो. तरी रोहित्र बदलणे हे महावितरणचे काम आहे. आधी तिथे लेखी तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा आणि मुदतीत काम न झाल्यास तो क्रमांक आमदाराला द्यावा. पांदण रस्त्यावरील अतिक्रमण हा तहसीलदारांचा विषय आहे. निराधार अनुदान, वारसाची फेरफार नोंद, पीकविमा यांचेही तसेच. आमदाराच्या पत्राने अधिकारी कायद्याबाहेरचे काम करू शकत नाही. पत्राने फार तर रखडलेले काम पुढे सरकते.

लग्न, तेरवी आणि नामकरणाला आमदाराने हजेरी लावावी, ही अपेक्षा आपण मतदारच वाढवून ठेवली आहे. वैशाखात एका दिवशी दहा मांडवांत अक्षता टाकणाऱ्या आमदाराकडून रात्री विधेयकाचा मसुदा वाचून होणे कठीण आहे.

आमसभा म्हणजे काय? आमच्याकडे ती झालेली आठवत नाही.

पंचायत समितीची वार्षिक आमसभा तालुक्यातील आमदाराच्या अध्यक्षतेखाली भरते. सरपंच, सदस्य आणि नागरिक तेथे सर्व खात्यांच्या अधिकाऱ्यांना तोंडावर प्रश्न विचारू शकतात. मागच्या सभेच्या ठरावांवर काय केले, हेही सांगावे लागते. गोंधळ होतो, विरोधक घोषणा देतात, म्हणून पुष्कळ आमदार ती टाळतात. आपल्या तालुक्यात शेवटची आमसभा केव्हा झाली आणि तिचे इतिवृत्त कुठे आहे, एवढे गटविकास अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात विचारले, तरी आमदाराच्या कारकिर्दीचा एक चांगला दाखला हाती येईल.

पक्ष बदलल्यास आमदारकी जाते का?

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडल्यास किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्य अपात्र ठरू शकतो. निवडून आल्यानंतर एखाद्या पक्षात प्रवेश करणारा अपक्षही अपात्र ठरतो. नुसता पाठिंबा देणारा नाही. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली सूट २००३ मध्ये काढून टाकली, आता दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणालाच संरक्षण आहे. निर्णय विधानसभा अध्यक्ष देतात आणि त्याला किती वेळ लागावा याचे बंधन अनुसूचीत नाही. जून २०२२ मधील शिवसेनेतील फुटीचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला, यावरून कायद्यातील फट दिसते. राजीनामा देऊन पुन्हा निवडून येणे हा सरळ मार्ग आहे. नाना पटोले यांनी २०१७ मध्ये भाजपचे खासदार असताना लोकसभेचा राजीनामा दिला, नंतर काँग्रेसमध्ये प्रवेश केला, २०१९ मध्ये साकोलीतून आमदार झाले आणि त्याच वर्षी विधानसभेचे अध्यक्षही झाले.

न्यायालयाने शिक्षा सुनावली तर?

दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाल्यास सदस्यत्व तत्काळ संपते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर अपिलासाठी तीन महिन्यांची जी सवलत होती ती राहिलेली नाही. सावनेरचे तत्कालीन आमदार सुनील केदार यांना नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची जागा रिक्त झाली. अपील करता येते, पण दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाल्याशिवाय पद वाचत नाही. शिक्षा भोगून झाल्यावर पुढे सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही.

आमच्या आमदाराला मंत्रिपद का मिळाले नाही?

मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. महाराष्ट्रात ती मुख्यमंत्र्यांसह ४३ भरते. तेवढ्यात जिल्हे, जाती, पक्षांतील गट आणि मित्रपक्ष बसवावे लागतात.

पराभूत झालेल्या आमदाराला काय मिळते?

माजी आमदारांना दरमहा किमान ५०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते आणि पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी त्यात २,००० रुपयांची भर पडते. एकदाच निवडून आलेल्यालाही ते मिळते. राजकीयदृष्ट्या मात्र पराभवानंतरचे पहिले वर्ष कसोटीचे असते : कार्यकर्ते पांगतात, बाजार समितीतील गट फुटतो आणि दारातली गर्दी नव्या आमदाराकडे जाते. ज्याने संस्था किंवा सर्कल राखले तो परततो. ज्याची सारी भिस्त पदावर होती, तो पुढच्या वेळी तिकिटाच्या रांगेतही दिसत नाही.

आमदाराची पूर्ण कारकीर्द एका ठिकाणी कशी तपासता येईल?

एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात असते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर खुले असते. दोन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवृत्ते विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आहेत. आमदार निधीतील कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात मागता येते.

गावाचा प्रश्न सभागृहात मांडावा असे वाटत असेल, तर आमदाराला काय द्यावे?

पन्नास सह्यांचे भावनिक निवेदन देऊ नये. एका पानावर गावाचे नाव, गट क्रमांक किंवा तलाव-रस्त्याची नोंद, नुकसानीची तारीख, कोणत्या कार्यालयाला कोणत्या दिनांकास अर्ज दिला त्याचा आवक क्रमांक आणि मिळालेले उत्तर एवढेच लिहावे व त्यांच्या प्रती जोडाव्यात. हा कागद अधिवेशनाच्या आठवड्यात देऊन उपयोग नसतो, कारण तारांकित प्रश्न कित्येक दिवस आधी सचिवालयात पोहोचावे लागतात; हिवाळी अधिवेशनासाठी तो दसऱ्याच्या सुमारास स्वीय सहायकाकडे द्यावा आणि पोच घ्यावी. प्रश्न स्वीकारला गेला नाही तर त्याच मजकुराचा विनंती अर्ज आमदाराच्या प्रतिस्वाक्षरीने विनंती अर्ज समितीपुढे ठेवता येतो. आपल्या आमदाराने सही करायला नकार दिला, तर शेजारच्या मतदारसंघातील आमदाराकडे किंवा विधान परिषदेच्या सदस्याकडे जाण्यास नियमांची कोणतीही आडकाठी नाही.